कॉलेजच्या टीव्ही स्टेशनवर काम लागलं? आधी सेमीकोलन ओळखा

अमेरिकेत कॅम्पसवरचं काम म्हटलं की लायब्ररी नाहीतर कँटीन. काही कॉलेजांत तिसरा पर्याय असतो, तो म्हणजे कॉलेजच्या मालकीचं सार्वजनिक टीव्ही स्टेशन. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची अट तुम्हाला ठाऊक असेलच. पण हा गॅदरिंगचा व्हिडिओ क्लब नव्हे. प्रसारणाचा परवाना कॉलेजच्या नावावर असतो आणि तुमच्या हातची चूक थेट लोकांच्या घरात दिसते.

इतिहास थोडा तरी माहीत हवा, कारण नोकरीची खात्री किती धरायची ते त्यावरून कळतं. १९५२ मध्ये एफसीसीने (प्रसारणाचे परवाने देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) शिक्षणासाठी २४२ चॅनेल राखून ठेवली आणि २५ मे १९५३ ला ह्यूस्टन विद्यापीठाचं केयूएचटी सुरू झालं. या प्रकारचं ते देशातलं पहिलं स्टेशन. त्यावरून क्रेडिटचे वर्गसुद्धा चालत. कॅलिफोर्नियातलं केव्हीसीआर सॅन बर्नार्डिनोच्या कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टचं. आधी रेडिओ, मग १९६२ पासून टीव्ही. नावातलं व्हीसीआर म्हणजे व्हॅली कॉलेज रेडिओ, कॅसेटवाला व्हीसीआर नव्हे. २०१७ ला निकाल लागलेल्या स्पेक्ट्रम लिलावात, म्हणजे प्रसारण लहरींच्या लिलावात, यूएचएफ पट्टा सोडून खालच्या व्हीएचएफ पट्ट्यावर जाण्याचे त्यांना सुमारे १५.७ कोटी डॉलर मिळाले. त्याच लिलावात शिकागोच्या सिटी कॉलेजांनी आपल्या डब्ल्यूवायसीसी स्टेशनचा स्पेक्ट्रम सुमारे १.६ कोटीला विकला आणि पुढे स्टेशनच सोडून दिलं. लिलाव एकच, पण निर्णय विश्वस्तांचा, स्टुडिओतल्या कुणाचा नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) सार्वजनिक प्रसारणाचे जवळपास १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. तेव्हा इथे पेन्शनीची स्वप्नं बघू नका. शिकायला मात्र यासारखी जागा नाही.

आता ज्या खड्ड्यात भारतातून आलेला जवळजवळ प्रत्येकजण पडतो, तो खड्डा.

पीबीएसच्या (सार्वजनिक स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारं नेटवर्क) एका तासाच्या कार्यक्रमाची लांबी असते ५६ मिनिटं ४६ सेकंद. उरलेली ३ मिनिटं १४ सेकंद स्टेशनची: ओळख, प्रायोजक, प्रोमो. स्थानिक कार्यक्रमही याच मापाचा लागतो. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, हिशोब सरळ. इथे २९.९७. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक) मात्र पूर्ण ३० मोजतो, म्हणून तो घड्याळाच्या मागे पडतो. ते भरून काढायला ड्रॉप-फ्रेम पद्धतीत प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन आकडे गाळतात. ०, १०, २० अशा दहाच्या मिनिटांना गाळत नाहीत. नीट वाचा: आकडे गळतात, चित्र गळत नाही.

तुम्ही आकडे न गाळणाऱ्या, म्हणजे नॉन-ड्रॉप टाइमलाइनवर ५६:४६ मोजून फाइल दिली तर तिच्यात १,०२,१८० फ्रेम असतात. हव्या असतात १,०२,०७८. जास्तीच्या १०२ फ्रेम म्हणजे ३.४ सेकंद. एवढ्याने काय होतं? लॉगमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या वेळापत्रकात, ५६:४६ लिहिलेलं असतं. फाइली वाजवणारं ऑटोमेशन तेवढ्यावर फाइल तोडतं आणि शेपटीला असलेली प्रायोजकाची पाटी कापली जाते. ज्याने पैसे दिले, नेमका तोच गायब! पूर्ण फाइल वाजू दिली तर पुढचा वेळेला बांधलेला कार्यक्रम हिच्यावर येऊन आदळतो. एडिटिंगच्या पडद्यावर सगळं बरोबरच दिसतं, म्हणून ही चूक सापडत नाही.

ओळखायची खूण अगदी साधी. टाइमकोडमध्ये सेमीकोलन दिसला तर ड्रॉप, नुसते कोलन असतील तर नॉन-ड्रॉप. काम संपल्यावर फक्त दाखवण्याची पद्धत बदलू नका. तसं केलं की तीच फाइल ५६:४९च्या पुढे दिसू लागते, लांबी तेवढीच राहते. १०२ फ्रेम खरोखर कापाव्या लागतात. म्हणून पहिली क्लिप टाकण्याआधीच सिक्वेन्स ड्रॉप-फ्रेममध्ये उघडा. चित्रीकरण २५ फ्रेमचं असेल तर तेही त्याच दिवशी इंजिनिअरला सांगा.

कुणीतरी शहाणा सांगेल, "वेग १००.१ टक्के कर, बसतंय." बसतं खरं. पण आधी बनवलेली कॅप्शनची वेगळी फाइल बसत नाही. ती सरकत सरकत शेवटी ३.४ सेकंद मागे पडते. असले तोडगे देणारे गुरू एडिट रूममध्ये ढिगाने भेटतात. धरायचाच तर मास्टर कंट्रोलमधला (जिथून प्रसारण बाहेर जातं ती खोली) कुणी जुना जाणता धरा. तो फारसा बोलणार नाही, पण लॉग वाचायला शिकवेल. घाबरू मात्र नका, दोन आठवड्यांत डोळा आपोआप सेमीकोलन शोधायला लागतो.

बाकीचं त्यामानाने सोपं. स्टेशनची ओळख दर तासाला, तास भरण्याच्या आसपास, नैसर्गिक विरामात. आधी कॉल अक्षरं (केयूएचटी, केव्हीसीआर यांसारखं स्टेशनचं अक्षरी नाव), लगेच गाव. मध्ये परवानाधारकाचं नाव, फ्रीक्वेन्सी किंवा चॅनेल क्रमांक चालतो, "तुमचं लाडकं" चालत नाही.

प्रायोजकाच्या मजकुरात आपली जाहिरातीची जीभ आवरा. "अमुक मिठाईवाले, मेन स्ट्रीट" ठीक. "सर्वात ताजी", "फक्त ५ डॉलर", "आजच भेट द्या" हे तिन्ही बाद: पहिल्यात तुलना, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात आवाहन.

आणि आणीबाणीच्या इशाऱ्याचा तो कर्कश टोन प्रोमोत, शॉर्टफिल्ममध्ये, गंमत म्हणून कधीही वापरू नका. नक्कलसुद्धा नाही. इथे दंड कॉलेजला होतो आणि तुमची शिफ्ट जाते.

फाइल दिल्यावर ती सर्व्हरवरून नव्हे, अँटेनाने पकडलेल्या मॉनिटरवर कॅप्शन चालू ठेवून बघा. शेवटची दहा सेकंदं आधी.