होडीचं इंजिन तापलं आणि वॉरंटीही गेली: या चुका टाळा

मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर ओहोटी लागली की कर्ली नदीच्या तोंडाशी वाळू किती वर येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. तरी एका मे महिन्यात 'आजची शेवटची ट्रिप' म्हणत आठ पर्यटक बसवून मी तिथूनच होडी रेटली. मागे वाळू ढवळून पाण्याला चहाचा रंग आला होता. दहा मिनिटांनी रंग जळल्याचा वास सुटला आणि चौदा महिन्यांचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, आचका देऊन थांबलं. वॉरंटी होती, पण क्लेम नाकारला गेला. वर्षभर कंपनीच्या नावाने खडे फोडले. इंजिन उघडल्यावर जे दिसलं होतं, त्यावरून त्यातले निम्मे माझ्याच अंगणात पडायला हवे होते.

आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. इंजिनाचा खालचा दांडा, म्हणजे 'पाय', पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या जाळीतून समुद्राचं पाणी आत येतं, इंपेलर नावाची रबरी पात्यांची चकती ते वर ढकलते, सिलिंडरभोवती फिरून ते बाहेर पडतं. त्यातलंच थोडं मागच्या भोकातून पिचकारीसारखं उडत राहतं. ती धार. बर्फावर पट्ट्याने धावणाऱ्या लिक्विड-कूल्ड गाडीचं, स्नोमोबाइलचं, दुखणं असंच आहे: तिच्या पट्ट्याने उडवलेला बर्फ खालच्या कूलरला गार ठेवतो. टणक बर्फावर तो उडत नाही, मग इंजिन तापतं. आपल्याकडे बर्फाच्या जागी खारं पाणी, एवढाच फरक.

धारेकडे पाठ

'धार येतेय ना, मग झालं' ही पहिली चूक. रोज जेवढ्या जोराने येते तेवढीच येतेय का, ते बघा. माझी धार त्या दिवशी सकाळपासूनच बारीक होती. शिवाय पर्यटक घाबरतात म्हणून आमच्या खलाश्याने आधीच्या महिन्यात इंजिन तापल्याचा इशारा देणाऱ्या बझरची वायर कापून ठेवली होती, आणि मला ते माहीत होतं.

धार बारीक झाली किंवा बझर वाजला, की थ्रॉटल लगेच खाली. तरी धार नाही, तर खडक किंवा लाटांची फूट जवळ नाही ना ते बघून नांगर टाका आणि इंजिन बंद. आमचे जुने मेस्त्री म्हणतात तसं, "मशीन आधी बंद कर, मगे काय ता इचार." मग पाय वर उचलून जाळी तपासा. बहुतेकदा दुधाची पिशवी नाहीतर जाळ्याचा तुकडा चिकटलेला असतो. तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

कधी कधी इंजिन ठीक असतं आणि धारेचं भोकच बुजलेलं असतं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. जाड तंगुसाचा तुकडा आत सारून साफ करा. तार घालू नका.

न धुता ताडपत्री

मेअखेरीस वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, होडी माडाखाली येते, वर ताडपत्री पडते. आतलं मीठ तसंच वाळतं. गाडीचं थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) ८० अंशांच्या पुढेमागे उघडतं. आउटबोर्डचं बऱ्याचदा ५० ते ६० अंशांनाच उघडतं, कारण खारं पाणी त्याहून फार तापलं की क्षार आतल्या वाटांत बसू लागतात. रोजच्या रोज गोड्या पाण्याने धुणं जमत नसेल, तर निदान ताडपत्री टाकण्याआधी दहा-पंधरा मिनिटं धुवा. ड्रममध्ये पाय बुडवून किंवा जाळीवर रबरी कप लावून, नळ सोडलेला, न्यूट्रलमध्ये, आयडलवरच. पंखा (प्रोपेलर) काढून ठेवलात तर उत्तम.

आणि पाण्याशिवाय 'चालू होतंय का बघू' म्हणून किल्ली फिरवू नका. कोरड्यात इंपेलरचं रबर काही सेकंदांत करपतं. तीन-चार महिने एकाच जागी दुमडून राहिलेली पातीही वाकडीच राहतात, म्हणून मी आता नव्या हंगामाला नवा इंपेलर घालतो. रोज वाळूवरून जाणाऱ्याने तर त्यात काटकसर करूच नये. माझ्या जुन्या इंपेलरची सहापैकी दोन पाती तुटलेली होती. एक थर्मोस्टॅटखाली अडकलेलं सापडलं, दुसरं कुठे गेलं देव जाणे. तुटलेला तुकडा शोधल्याशिवाय नवा बसवलात, तर वाट बंदच राहते.

'थर्मोस्टॅट काढून टाक, गार राहील' हा सल्ला जेट्टीवर फुकट मिळतो. तसं केलं की इंजिन नीट तापत नाही, फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल ऑइलात उतरतं, आणि कंपनीच्या हाती 'मूळ रचनेत बदल' हे कारण आयतं पडतं. टू-स्ट्रोकवाल्यांनी मोटरसायकलचं टू-टी ऑइल घालू नये, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ ही होडीच्या इंजिनाच्या ऑइलची खूण लिहिलीय का ते बघावं.

निगा केली, कागद नाही

वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते. बुजलेली जाळी, झिजलेला इंपेलर, न केलेली सर्व्हिस यांना कंपनी दोष मानत नाही. इंपेलर, प्लग हे तर झिजणारे भाग म्हणून सहसा वगळलेलेच असतात. शिवाय आजच्या बऱ्याच इंजिनांचा कंट्रोल युनिट (आतला छोटा संगणक) किती तास चाललं, कधी तापलं, याची नोंद ठेवतो. माझ्या बाबतीत लॅपटॉप जोडून ती नोंद वाचताच 'बझर वाजलाच नाही' ही कथा संपली.

दुसरा खड्डा वापराचा. अनेक कंपन्या धंद्यासाठी वापरलेल्या इंजिनाला कमी मुदतीची वॉरंटी देतात. मी घेताना 'खाजगी' लिहून दिलं होतं आणि होडीवर तर ट्रिपचे दर रंगवलेले. डीलरने सुचवलं तरी खोटं लिहू नका.

पहिली सर्व्हिस अनेक मॉडेलना २० तासांच्या आसपास असते, पुढची १०० तासांना. बाहेरच्या मेस्त्रीने केली तरी तास, तारीख, सुट्या भागांचं बिल वहीत लावा. जुना इंपेलर तारखेची चिठ्ठी घालून बरणीत ठेवा, धारेचा व्हिडिओ फोनमध्ये.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, जॉबकार्डची प्रत घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंना वगळतो, पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून २ वर्षं. तोवर तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत इंजिन जसंच्या तसं झाकून ठेवा. हंगाम बुडतोय म्हणून दुसऱ्या मेस्त्रीकडून इंजिनाचं हेड उघडून घेऊ नका. मी चौथ्याच दिवशी घेतलं होतं.