ड्रमर म्हणून करिअर करायचंय? सीमाभागातल्या पोरांनो, या चुका टाळा

बेळगावात राहणाऱ्या ड्रमरला जागा सोयीची आहे. कोल्हापूर, हुबळी, पणजी सगळं शे-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात. चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, वैशाखातली शिवजयंती, गणपती, लग्नसराई. हात बरा असेल तर पहिली सुपारी मिळतेच. दुसऱ्यांदा फोन येत नाही, तिथं घोडं अडतं.

सगळ्यात महागात पडते ती क्लिकची, म्हणजे हेडफोनमधून येणाऱ्या ठरलेल्या वेगाच्या टिक-टिकीची, सवय नसणं. ऑर्केस्ट्रात पब्लिक नाचायला लागलं की लय चढते आणि ते खपूनही जातं. स्टुडिओत मात्र कीबोर्ड, प्रोग्रामिंग बहुतेक वेळा क्लिकवर आधीच बसवलेलं असतं. १०८ बीपीएमचं (मिनिटाला १०८ ठोके) गाणं तुम्ही ११२ वर नेलंत तर बाकी सगळं मागं राहतं. यावर घरी करायचा रियाज असा: मेट्रोनोम (टिक-टिक देणारं यंत्र किंवा अॅप) १०८ ऐवजी ५४ वर लावा आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजवा. ते बसलं की चार बार (आवर्तनं) क्लिक चालू, चार बार बंद. क्लिक परत आला की आपण पुढं पळालो की मागं राहिलो, लगेच कळतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेकांची घाई फिलमध्ये, म्हणजे दोन ओळींमधल्या भरावाच्या तुकड्यात होते, रोल संपवून क्रॅश झांजेवर आधीच पोचतात. असा फिल आधी तोंडानं म्हणा, मग हातात घ्या. आणि ६० बीपीएमचं संथ गाणं रोज वाजवा, वेगवान गाण्यापेक्षा ते धरून ठेवणं कितीतरी अवघड.

क्लिक ऐकू येत नाही म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत नेणं ही दुसरी चूक. तो आवाज ड्रमसेटच्या वर लावलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये शिरतो आणि शेवटची झांज विरत असताना टिक-टिक स्पष्ट ऐकू येते. पूर्ण कान झाकणारे, बंद कपांचे हेडफोन घ्या, त्यातली बाकीची वाद्यं कमी करून मागा आणि शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद करायला रेकॉर्डिस्टला आधीच सांगून ठेवा.

टॉम (सेटमधला मधला ड्रम) वाजवला की स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) झिणझिणतो? चिकटपट्ट्या लावत बसू नका. दोघांचा सूर जवळ आला की हे होतं. टॉम थोडा वर किंवा खाली घ्या, तरीही थांबलं नाही तर स्नेअरच्या खालच्या पानाचे तारांलगतचे बोल्ट किंचित सैल करा. जत्रेच्या स्टेजवर फळ्या गुळगुळीत असतात आणि किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) पुढं सरकत जातो, म्हणून जाड सतरंजी स्वतःची न्या. ड्रम की (बोल्ट फिरवायची किल्ली), पेडलची जादा स्प्रिंग, स्नेअरचं एक पान पिशवीत कायम हवं. खानापूरकडच्या पावसात स्टँड गंजतात. कार्यक्रमाहून आल्यावर पुसल्याशिवाय बॅगेत घालू नका.

कन्नड गाणी टाळणं तर आपल्या भागात परवडणारंच नाही. गोकाक, सौंदत्तीकडं जानपद गीतांशिवाय (कन्नड लोकगीतांशिवाय) कार्यक्रम रंगत नाही. शब्द कळले नाहीत तरी गाण्याचा सांगाडा कागदावर लिहा: इंट्रो ८ बार, मुखडा १६, म्युझिक ८, अंतरा १६, ब्रेक कुठं. गायकाचा श्वास कुठं पडतो ते ऐका आणि त्याच्या ओळीवर फिल मारू नका. गायकच पुढच्या वेळी तुमचं नाव सुचवतो.

व्यवहार आधी मोकळेपणानं बोला. मानधन, विसार, प्रवास, जेवण, ड्रमसेट कोणाचा, सगळं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. गणपतीत एकाच रात्रीच्या दोन सुपाऱ्या धरून एकीकडं न विचारता बदली माणूस पाठवला, तर ही बातमी निपाणीपर्यंत पोचते.

कानांकडं तर कुणीच बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. झांजेशेजारी बसून तीन तास वाजवणाऱ्यानं संगीतकारांसाठीचे इअरप्लग पहिल्या कमाईतूनच घ्यावेत. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल तर पुढच्या तालमीची वाट न बघता कानाच्या डॉक्टरांकडं जा.