खरजेचे फोड सुकल्यानंतर मुलांच्या मूत्रपिंडाची काळजी कशी घ्यावी

सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याची आश्रमशाळा असो किंवा रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील मजुरांची वस्ती, मुलांच्या अंगावरील खरूज बहुधा किरकोळ समजली जाते. खाजवून फुटलेल्या त्वचेत स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू शिरतो, फोड पुवाळतात, त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरते आणि काही दिवसांत सारे सुकते. खरे लक्ष त्यानंतर ठेवायचे असते. या जिवाणूच्या काही ठरावीक जातींविरुद्ध शरीर जो प्रतिकार उभा करते, त्यातूनच मूत्रपिंडातील बारीक गाळण्यांना सूज येते आणि ती साधारण ३ ते ६ आठवड्यांनी दिसून येते. तोवर फोड कोणाच्या स्मरणातही उरलेला नसतो.

म्हणून अधीक्षकांनी किंवा आशाताईंनी फोड आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि तारीख वहीत लिहावी आणि पुढील सहा आठवडे ते नाव खोडू नये. या काळात रोज सकाळी मुलाचा चेहरा नीट पाहावा. पापण्या सुजलेल्या असतील, तर जास्त झोप झाली असेल किंवा किडा चावला असेल असे म्हणून सोडून देऊ नये. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा लालसर होते का, तिचे प्रमाण घटले आहे का, हेही विचारावे. मुले लाजतात, त्यामुळे हा प्रश्न एकांतात विचारलेला बरा.

यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी. तीव्र डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, धाप किंवा झटके यांचा अर्थ रक्तदाब धोकादायक वाढला असा असू शकतो. घाटातून जिल्हा रुग्णालय गाठायला वेळ लागतो, त्यामुळे १०८ ला तत्काळ फोन करावा. डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितल्यास भाजीबरोबरच बिबडे, पापड, लोणचे आणि ठेचाही बंद ठेवावा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, हे पालकांना आवर्जून सांगावे.

एकाच वसतिगृहात थोड्या अंतराने दोन मुले अशी आढळली, तर ती साथ असू शकते, असे समजून वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रेड लेक येथे १९५३ मध्ये अशीच साथ आली होती. फोड असलेल्या इतर मुलांना पेनिसिलिन द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. त्याने मूत्रपिंडाची सूज प्रत्येक वेळी टळेलच असे नाही, परंतु जिवाणूचा प्रसार थांबतो.

मूळ मात्र खरजेत आहे. पर्मेथ्रिनचे मलम एकाच रात्री खोलीतील सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, मानेपासून तळव्यांपर्यंत लावावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. कपडे व पांघरुणे त्याच वेळी गरम पाण्यात धुवावीत. एकट्या मुलाला मलम लावण्याचा काहीच उपयोग होत नाही.

दिवाळीच्या सुटीत वहीतील एखादे मूल घरी जात असेल, तर त्याच्या सहा आठवड्यांची शेवटची तारीख चिठ्ठीवर लिहून पालकांना द्यावी, कारण अनेक कुटुंबे त्यानंतर लगेच ऊसतोडीला निघतात आणि तेथे त्या मुलाच्या फोडांची माहिती कोणालाच नसते.