पेशंट भुलीत असताना त्याला दुखतंय का हे कसं ओळखायचं (ओटीत नवीन आलेल्या ज्युनिअर्ससाठी)

रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) दिलेला पेशंट हलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, हलायची सोयच आपण काढून घेतलेली असते.

सुरुवात बेसलाइनपासून, आणि ती वॉर्डातली शांत असतानाची घ्या, टेबलावर घाबरून वाढलेलं बीपी धरलंत तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. मग पीआरएसटी स्कोअर (प्रेशर, रेट, स्वेटिंग, टिअर्स म्हणजे बीपी, पल्स, घाम, अश्रू), जुना आहे पण फुकट आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या ओटीत चालतो. वरचं बीपी बेसलाइनपेक्षा 15 mmHg ने वाढलं तर 1, 30 पेक्षा जास्त वाढलं तर 2, पल्सलाही तसंच, मिनिटाच्या ठोक्यांत. कातडी ओलसर लागली की 1, घामाचे थेंब दिसले की 2, पापणी उचलल्यावर डोळ्यात जास्तीचं पाणी असेल तर 1, ओघळत असेल तर 2. एकूण 8 पैकी.

आता खरी गोष्ट. आकडा वाढला की लगेच फेंटानिल (जोरदार वेदनाशामक) भरायला धावू नका, आधी ड्रेपच्या पलीकडे डोकावून बघा सर्जन काय करतोय. चीर, ट्रोकार, आतड्याची ओढाताण चालू असताना वाढलं तर बहुतेक वेदनाच. काहीच चालू नसताना वाढलं तर व्हेपोरायझर (भुलीची वाफ देणारा) रिकामा झालाय का, सीओटू चढलाय का, लघवीची पिशवी कोरडी का आहे (नळी अडकून मूत्राशय तुंबलंय का), सर्जनने अ‍ॅड्रिनलिनवालं लोकल टोचलंय का ते बघा, हाडाच्या केसमध्ये टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला बांधलेला पट्टा) तासभर झाला असेल तर बीपी त्यानेही चढतं, आणि पल्स वाढतेय पण बीपी पडतंय तर आधी सक्शनची बाटली बघा, रक्त जातंय का! बीटा ब्लॉकर (पल्स कमी ठेवणारी गोळी) घेणाऱ्याची पल्स मात्र दुखत असूनही गप्प बसते.

बीआयएस (मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली सांगणारा मॉनिटर) 40 ते 60 म्हणजे झोप पुरेशी, वेदनेचं तो सांगत नाही. एएनआय किंवा एसपीआय (वेदनेचा अंदाज देणारे मॉनिटर) असेल तर उत्तमच, फक्त दोघांचं उलटं चालतं, एएनआय 50 च्या खाली वाईट, एसपीआय 50 च्या वर वाईट. एट्रोपिन, ग्लायको (दोन्ही पल्स वाढवणारी) दिलं असेल किंवा एएफ (हृदयाचे अनियमित ठोके), पेसमेकर असेल तर या आकड्यांवर जाऊ नका.

वेदनाच वाटली तर फेंटानिल किलोला 0.5 ते 1 मायक्रोग्रॅम, आणि 3 ते 5 मिनिटं थांबा. लॅबेटॅलॉलने (बीपी-पल्स उतरवणारं औषध) फक्त मॉनिटर शांत होतो, वेदना नाही. चार्टवर नुसतं बीपी नको, त्या मिनिटाला सर्जन काय करत होता तेही लिहा.