आजोबांची मेडलं वाटू नका

आमच्या आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली मेडलं तीन: १९३९-४५ स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल. वाटणीच्या वेळी तिघा भावांत एकेक द्यायचं ठरत होतं. आत्या आडवी आली म्हणून मेडलं वाचली. स्टार तांबं-जस्ताचे, वॉर मेडल तांबं-निकेलचं. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात मोडायला गेलात तर चहाचे पैसे सुटतील. किंमत आहे ती तिन्ही एकत्र असण्याला, कारण त्यावरूनच माणूस कुठे लढला ते कळतं.

म्हणून एकाच घरी ठेवा, सांभाळणाऱ्याचं नाव कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मृत्युपत्र होणार असेल तर त्यात 'संपूर्ण संच' असाच उल्लेख करा. बाकीच्यांना हवं तर प्रतिकृती करून द्या, त्यात कमीपणा नाही.

फोटो पुढून, मागून आणि कडेचाही काढा. कडेवर किंवा मागे नंबर, नाव कोरलेलं असेल तर तोच पुरावा. चिंच, राख, पॉलिश काही लावू नका. आमच्या काकूंनी दसऱ्याला तांब्याभांड्यांबरोबर एक स्टार घासला, अक्षरं निम्मी गेली! इटली स्टारची लाल-पांढरी-हिरवी फीत जीर्ण झाली तरी फेकू नका, नवी लावलीत तर जुनी पाकिटात जपा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात ट्रंकेत ओल धरतेच. मेडलं सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक) मात्र वेगळ्या पाकिटात, त्याच डब्यात.