फिलाडेल्फियात होलसेलिंग करताना : बंद घर म्हणजे लीड नव्हे

होलसेलिंगमध्ये घर विकत घ्यायचे नसते. मालकाशी खरेदीचा करार करायचा आणि फी घेऊन तो गुंतवणूकदाराच्या नावे करून द्यायचा, एवढाच हा व्यवसाय आहे. नवखा माणूस केन्सिंग्टन किंवा स्ट्रॉबेरी मॅन्शनसारख्या वस्त्यांतून गाडी फिरवतो, फळ्या ठोकलेल्या घरांचे पत्ते टिपतो आणि पन्नास लीड, म्हणजे विकू शकतील असे मालक, मिळाल्या म्हणून खूश होतो. त्यांतली काही घरे शहराच्या किंवा फिलाडेल्फिया हाउसिंग ऑथॉरिटी या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची निघतात, म्हणजे ज्याच्याशी बोलणी करावीत असा मालकच तेथे नसतो. पत्ता टिपल्यावर आधी शहराच्या मालमत्ता नोंदीत नाव पाहावे, आणि कराचे बिल दुसऱ्याच गावी जात असेल, म्हणजे मालक तेथे राहत नसेल, तर ते घर यादीत वर घ्यावे.

मालकांना पाठवलेली पत्रे वारंवार परत येत असतील, तर पत्त्यांची यादी जुनी आहे असे समजून नवी विकत घेणे ही पुढची चूक होय. नोंदीतला मालक कधीच वारलेला असू शकतो. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार या शहरात अशी दहा हजारांहून अधिक घरे होती, ज्यांच्या कागदावरचे नाव बदललेलेच नव्हते. आजीच्या घरात राहणारी नात सही करायला तयार होते, परंतु वारसनोंद न झालेल्या वाड्याचे आपल्याकडे जे होते तेच येथेही होते : इतर वारस पुढे येतात आणि मालकी हक्काची कागदपत्रे तपासणारी टायटल कंपनी व्यवहार अडवते. म्हणून रजिस्टर ऑफ विल्सच्या कार्यालयात वारसाचे प्रकरण दाखल झाले आहे का, हे करारापूर्वीच तपासावे. नातीला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, हेही तिला सांगावे. त्यामुळे व्यवहार गेला तर जाऊ द्यावा, असे माझे मत आहे.

रो-हाउस केवळ समोरून पाहून किंमत ठरवू नये. शेजारचे घर पाडलेले असेल, तर सामाईक भिंत उघडी पडून पाणी पिते, आणि ते मागच्या गल्लीतूनच दिसते. दुरुस्तीनंतर घर २,००,००० डॉलरला विकले जाणार असेल, तर रूढ हिशेबाने त्याच्या ७० टक्क्यांतून, म्हणजे १,४०,००० मधून, दुरुस्तीचे ६०,००० वजा होऊन गुंतवणूकदाराची मर्यादा ८०,००० वर येते. तुमची फीही त्यातच बसवायची असते. भिंतीचा खर्च विसरलात, तर फी पहिली जाते.

तिकीट न लावलेली पत्रके पत्रपेटीत टाकू नयेत, कारण ते अमेरिकी संघराज्याच्या कायद्याविरुद्ध आहे. शिवाय फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात जानेवारी २०२५ पासून होलसेलिंगसाठी रिअल इस्टेटचा परवाना लागतो.

रिकाम्या घरात एकट्याने शिरू नये आणि गाडीतून फोटो काढत हिंडू नये. लोक तुम्हाला पोलिसांचा माणूस समजतात. सकाळी पायी जावे आणि पायरीवर बसलेल्या आजोबांना आपले काम सरळ सांगावे. शेजारचे घर कोणाचे आणि मुले कोठे गेली, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.