एल्कसाठी रायफल कुठली घ्यायची, आणि गोळी कुठली

सुट्टीला पाटणला आलो की दोन-तीन पोरं हमखास विचारतात, दादा, तिकडं शिकारीला जायचंय, रायफल कुठली घेऊ. त्यातली काहीजण आता खरंच अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरकडं नोकरीला चाललीयत म्हणून एकदाच नीट लिहितो. हे सगळं तिकडचं आहे हं. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते बरंच आहे, कोयना-चांदोलीतला गवा पिकात उतरला तर वनखात्याला फोन करायचा, बंदूक काढायची नाही.

दुसरं म्हणजे व्हिसा. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन हातात नसताना रायफल जवळ ठेवली की अमेरिकेत मोठा गुन्हा होतो, आणि कोलोरॅडोत लायसनच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, १९४९ पासून पुढं जन्मलेल्या सगळ्यांना. म्हणजे आधी कोर्स, मग लायसन, मग दुकान. पोरं उलटं करतात.

आता जनावर. म्यूल डिअर म्हणजे तिकडचं हरीण, त्याचा नर ८०-१०० किलो; एल्क म्हणजे सांबरासारखं पण लई मोठं हरीण, त्याचा नर ३०० किलोच्या वर, आपल्या खिलार खोंडाएवढा, आणि त्याच्या फऱ्याचं हाड जाड असतं. कायद्याप्रमाणं कोलोरॅडोत दोन्हीला कमीत कमी ६ एमएम कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, चालतं, हरणाला ७० ग्रेन वजनाची गोळी नि एल्कला ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डावर १,००० फूट-पाउंड जोर पाहिजे. पण एवढ्यावर एल्कच्या मागं जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

ग्रेन म्हणजे किती ते सोनाराच्या भाषेत सांगतो, १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक जुना तोळा, हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे. एल्कला ही तोळाभराची गोळी चांगली, पाऊण-एक तोळ्याच्या मधली धरा. नुसत्या हरणाला नि प्राँगहॉर्नला (तिकडचं काळविटासारखं जनावर) .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी पुरते आणि खांद्याला बसणारा धक्का एकदम कमी. हे .२४३ नि पुढचे असले आकडे म्हणजे काडतुसांची नावं. हरीण नि एल्क दोन्ही एकाच रायफलीत बसवायचं असेल तर .२७०, ७ एमएम-०८, .३०८ नाहीतर .३०-०६ यातलं कुठलंही घ्या, यांच्यात फार फरक नाही, लोक उगाच तासन्‌तास भांडतात. .३०-०६ हे १९०६ चं, .२७० हे १९२५ चं, .३०८ हे १९५२ चं, सगळी जुनी, म्हणून गोळ्या कुठल्याही गावात मिळतात, आणि डोंगरातल्या छोट्या दुकानात उभं राहिल्यावर ही गोष्ट लई मोठी वाटते. ६.५ क्रीडमूर २००७ चं, त्याचा धक्का मऊ, नेम सरळ, पण एल्कवर मी ते २५० यार्डाच्या आतच वापरीन.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षी दुकानदारानं .३०० विंचेस्टर मॅग्नम गळ्यात मारली, म्हणे एल्कला हीच लागते. नेमबाजीच्या रेंजवर दहा गोळ्यांत खांदा काळानिळा झाला आणि मग प्रत्येक चाप ओढताना डोळे मिटायला लागले, मला ते कळलंच नाही. नोव्हेंबरात मादी १५० यार्डावर आडवी उभी होती, फऱ्याच्या मागं धरलं, लागली पोटात. अंधार पडेपर्यंत रक्त हुडकत फिरलो, दुसऱ्या दिवशी पण, ती सापडली नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यात ती रायफल विकली नि .३०८ घेतली. तुमचे डोळे मिटतात का ते असं बघा, मित्राला सांगायचं मधूनच रिकामी डमी काडतूस भर, मला सांगू नको. चाप ओढल्यावर आवाज नाही आणि नळी खाली झुकली तर समजायचं.

काडतुसापेक्षा गोळीची बांधणी जास्त महत्त्वाची, आणि दुकानात सगळे नेमकं हेच विसरतात. साधी शिशाची, वर पातळ तांब्याचं कवच असलेली गोळी हरणाला ठीक, पण एल्कच्या हाडावर ती फुटून आत पोचत नाही. एल्कला कवच शिशाला घट्ट चिकटवलेली बाँडेड, नाहीतर पूर्ण तांब्याची घ्या, महाग पडते पण सीझनला लागतात किती, दोन नाहीतर तीन.

रायफल बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं खिट्टी ओढायची, नळी २२ इंच, दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या आसपास. हलकी घेतली तर धक्का वाढतो, जड घेतली तर दहा हजार फुटांवर चढताना दम निघतो. लाकडी दस्ता देखणा असतो पण बर्फात ओला होऊन फुगतो नि नेम सरकतो, सिंथेटिक घ्या. दुकानात रिकामी आहे ना ते स्वतः बघून, डोळे मिटून खांद्याला लावा, डोळे उघडल्यावर दुर्बिणीत पूर्ण गोल दिसलं तर दस्ता तुमच्या मापाचा. दुर्बीण ३-९ची, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, बास.

आफ्रिकेचं पण एकजण विचारत होता. नामिबियात कायदाच गोळीच्या जोरावर ठरतो, स्प्रिंगबॉक या छोट्या हरणाला कमीत कमी १,३५० ज्यूल, कुडू-एलंड या मोठ्या हरणांना २,७०० आणि रानम्हशीला ५,४००. म्हणजे कुडूपर्यंत तुमची .३०-०६ चालते, रानम्हशीला मात्र .३७५ एच अँड एच लागते, १९१२ पासूनची आहे ती, आणि तिचा दणका .३०८ च्या दुप्पट. आधी वर्षभर लहान रायफलवर हात बसवा.

नेम २०० यार्डावर लावा, .३०८ची गोळी मग ३०० वर साधारण एक वीत खाली पडते. ते जमलं की रायफल टेकवायचं टेबल सोडा आणि मांडी घालून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर मारायला शिका. आठ इंची ताटलीवर पाचातल्या पाच ज्या अंतरावर बसतात तेवढंच तुमचं अंतर. माझं अजून २२० यार्ड आहे, त्याच्या पलीकडं उभा असलेला एल्क मी दुर्बिणीतून बघतो नि जाऊ देतो.